भग्नावशेष, कबरी आणि कृतज्ञ अंतःकरण

मृत्यूचे नाव निघाले की आपल्या घरांतून बहुधा दोन प्रकार पाहावयास मिळतात. एक तर विषय तत्काळ बदलला जातो. लहान मुलाने 'दादा कुठे गेले?' असे विचारले तर त्याच्या हाती खाऊ देऊन त्याला गप्प केले जाते. नाही तर मृत्यूचे आणि कबरीचे वर्णन इतक्या भयप्रद शब्दांत केले जाते की ऐकणाऱ्याच्या मनात काळोखाखेरीज काही उरत नाही. पहिल्या प्रकाराने मनुष्य गाफील होतो, दुसऱ्याने तो खचून जातो. गफलत आणि निराशा या दोन्ही अवस्था इस्लामला मान्य नाहीत.

मग ओसाड पडलेली नगरी, ढासळलेला वाडा किंवा गावाबाहेरचे कबरस्तान पाहून श्रद्धावंताच्या मनात कोणता भाव जागा व्हावा? दिव्य कुरआनने या प्रश्नाचे उत्तर दिले आहे आणि ते अनेकांना अनपेक्षित वाटेल असे आहे. ते समजून घेण्यासाठी आपण सूरह सबाच्या काही आयतींचा क्रमाने विचार करू.

सुलैमान (अ.) यांची काठी

सूरह सबा ही कुरआनची ३४ वी सूरह. तिच्या दहाव्या आयतीपासून हजरत दाऊद (अ.) आणि त्यांचे पुत्र हजरत सुलैमान (अ.) यांच्यावर झालेल्या ईशकृपेचे वर्णन येते. वारा सुलैमान (अ.) यांच्या सेवेत दिला गेला होता. वितळलेल्या तांब्याचा झरा त्यांच्यासाठी वाहता करण्यात आला होता. जिन्न त्यांच्या आज्ञेने उंच इमारती, हौदांसारखी विशाल तबके आणि जागेवरून न हलणाऱ्या अवजड देगी घडवीत असत. असे वैभव जगाच्या इतिहासात क्वचितच कोणाच्या वाट्याला आले असेल.

या वैभवाच्या वर्णनानंतर लगेच, तेराव्या आयतीच्या शेवटी, दाऊद (अ.) यांच्या घराण्याला आज्ञा होते की कृतज्ञतेने कर्म करा, आणि माझ्या दासांपैकी कृतज्ञ थोडेच असतात, असेही अल्लाह सांगतो. येथे कृतज्ञता व्यक्त करा एवढेच म्हटलेले नाही, कर्म करा असे म्हटले आहे. म्हणजे शुक्र ही जिभेची गोष्ट आहेच, पण त्याहून अधिक ती हातापायांची, वेळेची आणि संपत्तीच्या वापराची गोष्ट आहे.

आता पुढची, चौदावी आयत पाहा. शुक्राच्या आज्ञेला लागूनच सुलैमान (अ.) यांच्या मृत्यूचा प्रसंग येतो. ते काठीच्या आधाराने उभे असताना त्यांना मृत्यू आला. जिन्न काम करीतच राहिले. जमिनीतील एक क्षुद्र कीटक ती काठी आतून पोखरीत होता. काठी मोडून त्यांचा देह खाली आला, तेव्हा कोठे जिन्नांना कळले की ज्यांच्या धाकाने आपण राबत होतो ते केव्हाच निघून गेले आहेत.

इमारती, शुक्र आणि मृत्यू या तीन गोष्टी दोन आयतींत एकापाठोपाठ आल्या आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. एका प्रेषिताच्या आणि सम्राटाच्या मृत्यूची वार्ता जगाला एका कीटकामुळे कळते. हा त्यांचा अपमान नव्हे. सुलैमान (अ.) यांनी आयुष्यभर शुक्राची वाट धरली होती. त्यांचा मान काठीत, तख्तात किंवा इमारतीत नव्हताच. म्हणून काठी मोडल्याने त्यात काही उणे झाले नाही. ज्याने आपला मान वस्तूंत ठेवला असेल त्याने मात्र त्या कीटकाला भ्यावे.

दोन बागा आणि एक बांध

पंधराव्या आयतीपासून सबा या लोकसमूहाचा वृत्तान्त सुरू होतो. त्यांच्या वस्तीत एक निशाणी होती, उजवीकडे आणि डावीकडे दोन बागा. आपल्या पालनकर्त्याने दिलेले खा आणि त्याचे आभार माना, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा होती. भूमी उत्तम होती आणि पालनकर्ता क्षमाशील होता. परंतु त्यांनी तोंड फिरविले. तेव्हा बांध फोडून पूर आला आणि त्या बागांच्या जागी कडवट फळांची झुडपे, झाऊ आणि थोडी बोरीची झाडे उरली.

हे केवळ जुने कथानक नाही. येमेनमधील मआरिब येथे सबाच्या राजधानीचे अवशेष आजही उभे आहेत. तेथील वादी अधना या पावसाळी नदीच्या खोऱ्यात सबाच्या लोकांनी मातीचा प्रचंड बांध घातला होता. त्याची लांबी सहाशे मीटरच्या आसपास होती. बांधाच्या दोन्ही टोकांना चिरेबंदी दारे होती. त्यांतून पुराचे पाणी कालव्यांत वळविले जाई आणि खोऱ्याच्या दोन्ही अंगांना शेती व बागा फुलत. उजवीकडची आणि डावीकडची अशा ज्या दोन बागांचा उल्लेख कुरआन करतो, त्यांचा नकाशाच जणू या खोऱ्यात दिसतो. हा बांध शतकानुशतके टिकला, अनेकदा फुटला आणि पुन्हा दुरुस्त करण्यात आला. इसवी सनाच्या सहाव्या शतकात तो अखेरचा फुटला आणि नंतर उभा राहिला नाही. मातीचा बांध वाहून गेला, टोकांची दगडी दारे मात्र राहिली. २०२३ साली युनेस्कोने मआरिब येथील सबाच्या अवशेषांना जागतिक वारसास्थळांच्या यादीत स्थान दिले.

त्या दगडी दारांचा विचार करा. दगड इतके अचूक बसविलेले आहेत की बांधणाऱ्यांच्या कौशल्याबद्दल आजही नवल वाटते. सबाच्या लोकांचा दोष त्यांच्या विद्येत नव्हता. पाणी अडविणे, जमीन भिजविणे, बाग फुलविणे यांपैकी कशालाही कुरआनने दोष दिलेला नाही. उलट त्या भूमीला उत्तम म्हटले आहे. दोष होता तो विस्मरणाचा. पाणी आपल्या बांधातून येते एवढे त्यांना आठवत होते. ते आभाळातून कोण पाठवितो हे ते विसरले.

निशाणी कोणासाठी?

आता एकोणिसाव्या आयतीकडे वळू. सबाचे लोक विखुरले गेले आणि त्यांची केवळ कहाणी उरली असे सांगून ही आयत एका वाक्याने संपते. त्याचा आशय असा की यात निशाण्या आहेत, प्रत्येक अत्यंत धैर्यवान आणि अत्यंत कृतज्ञ माणसासाठी. मूळ शब्द आहेत सब्बार आणि शकूर. सब्र आणि शुक्र या शब्दांची ही आधिक्यवाचक रूपे आहेत.

आपल्याला वाटेल की उद्ध्वस्त नगरीची निशाणी भित्र्यांसाठी किंवा पापी लोकांसाठी असावी. कुरआन म्हणतो की ती कृतज्ञ माणसाला दिसते. याचे कारण समजण्यास कठीण नाही. ज्याच्या मनात कृतज्ञता नाही त्याला अवशेषांत फक्त दगड दिसतात. तो त्यांची लांबी-रुंदी विचारतो, छायाचित्र काढतो आणि पुढे जातो. कृतज्ञ माणसाला त्याच दगडांत आपल्याकडे आज असलेली प्रत्येक गोष्ट दिसते. त्यांच्या विहिरीत पाणी नाही, माझ्या नळाला आहे. त्यांच्या घरातला आवाज बंद झाला आहे, माझ्या घरात मुलांचा गोंगाट आहे. त्यांची कर्मनोंद बंद झाली, माझी अजून उघडी आहे. भग्नावशेष पाहून जागा होणारा आनंद तो हाच. दुसऱ्याच्या नाशाचा आनंद मानणे हे श्रद्धावंताला शोभणारे नाही. आपल्याला मिळालेल्या अवधीचा आनंद मानणे मात्र शुक्राचाच भाग आहे.

मृत्यूची इच्छा करू नका, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवणही याच दिशेने जाते. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून बुखारीत आलेल्या हदीसचा आशय असा की मनुष्य सदाचारी असेल तर जगण्याने त्याच्या सत्कर्मांत भर पडू शकते आणि दुराचारी असेल तर त्याला पश्चात्तापाची संधी मिळू शकते. म्हणजे सदाचारी असो वा दुराचारी, उरलेला प्रत्येक दिवस त्याच्यासाठी देणगीच आहे.

हिज्रच्या वाटेवर

येथे कोणी रास्त शंका घेईल. हिजरी सन ९ मध्ये तबूकच्या मोहिमेवर जाताना प्रेषित (स.) समूद लोकांच्या हिज्र या प्रदेशातून गेले. तेव्हा त्यांनी सहकाऱ्यांना ताकीद दिली की या अत्याचारी लोकांच्या वस्तीत रडतच प्रवेश करा, अन्यथा जाऊ नका. त्यांनी मस्तक झाकून घेतले आणि ते झपाट्याने पुढे गेले. तेथील विहिरींच्या पाण्याने मळलेले पीठ उंटांना घालण्यास सांगितले आणि केवळ सालिह (अ.) यांच्या उंटिणीच्या विहिरीचे पाणी घेऊ दिले. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हा प्रसंग आला आहे. मग अशा स्थळी आनंद कसला?

उत्तर असे की अश्रू आणि शुक्र यांचे वैर नाही. प्रेषित (स.) रात्री नमाजमध्ये इतका वेळ उभे राहत की त्यांचे पाय सुजत. त्याचे कारण विचारले असता मी कृतज्ञ दास होऊ नये काय, या अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. ज्याचे अंतःकरण ओले असते तोच शुक्र करू शकतो. हिज्रमध्ये निषिद्ध होती ती बेफिकिरी. जेथे एका समाजावर ईशप्रकोप कोसळला तेथे सहलीच्या वृत्तीने फिरू नये, हा त्या आदेशाचा गाभा आहे.

हिज्रची भूमी आजच्या सौदी अरबस्तानात अल्-उला नगराच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरवर आहे. २००८ साली तिची जागतिक वारसास्थळ म्हणून नोंद झाली. तेथील डोंगरांत कोरलेल्या शंभराहून अधिक भव्य कबरी आज दिसतात. त्या नबाती लोकांनी मुख्यतः इसवी सनाच्या पहिल्या शतकात, म्हणजे समूदनंतर पुष्कळ काळाने, कोरलेल्या आहेत. कित्येक कबरींच्या दारावर मालकाचे नाव, वारसांचा हक्क आणि ही कबर कोणी विकू नये, गहाण टाकू नये, तसे करणाऱ्यास दंड व शाप, अशा मजकुराचे लेख आहेत. मृत्यूनंतरही आपली जागा आपल्याच नावावर राहावी यासाठी केलेले ते करारपत्रच होते. आज त्या कबरी रिकाम्या आहेत. ज्या राजाच्या कारकिर्दीतील वर्ष लेखात घातले त्याचे राज्य नाही आणि ज्या वारसांचे हक्क राखले त्यांचा मागमूस नाही.

तेथे एकाकी खडकात कोरलेली कस्र अल्-फरीद नावाची एक कबर आहे. नबाती कारागीर अशी कबर वरून खाली कोरीत येत. तिचा वरचा भाग रेखीव झाला आहे आणि खालचा भाग ओबडधोबड राहिला आहे. काम मध्येच थांबले. ते का थांबले हे अल्लाह जाणतो. परंतु आपल्यापैकी प्रत्येकाच्या आयुष्यात असे अर्धे कोरलेले काही ना काही असते. कोणाची कजा नमाज राहिली आहे, कोणाचे कर्ज फेडायचे आहे, कोणी सख्ख्या भावाशी बोलणे टाकले आहे. त्या खडकावर आता कोणी छिन्नी चालवू शकत नाही. आपली छिन्नी अजून आपल्या हातात आहे, यासाठी अल्लाहचे आभार मानावेत आणि कामाला लागावे.

दोन प्रकारचा हर्ष

आनंदासाठी कुरआनने वापरलेला एक शब्द फरह असा आहे. सूरह कससच्या ७६ व्या आयतीत हा शब्द कारूनच्या संदर्भात येतो. त्याच्या खजिन्याच्या किल्ल्या बलवान माणसांच्या टोळीलाही उचलणे जड जाई. त्याच्या लोकांनी त्याला बजावले की असा फुलून जाऊ नकोस, अल्लाहला असे फुलून जाणारे आवडत नाहीत. पुढे तो आपल्या वाड्यासह जमिनीत गाडला गेला. सूरह यूनुसच्या ५८ व्या आयतीत मात्र हाच शब्द आज्ञेच्या रूपात येतो. अल्लाहचा अनुग्रह आणि त्याची दया यांमुळे लोकांनी हर्षित व्हावे आणि लोक जे जमा करीत असतात त्याहून हे श्रेष्ठ आहे, असा त्या आयतीचा आशय आहे.

शब्द एक, पण एका ठिकाणी मनाई आणि दुसऱ्या ठिकाणी आज्ञा. फरक आनंदाच्या कारणात आहे. जमविलेल्या वस्तूंवर टेकलेला आनंद कबरीच्या कडेला येऊन संपतो. बुखारी आणि मुस्लिममध्ये हजरत अनस (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसनुसार मृताच्या मागे तीन गोष्टी जातात, त्याचे कुटुंब, त्याची संपत्ती आणि त्याचे कर्म. पहिल्या दोन परत फिरतात आणि कर्म सोबत राहते. म्हणून ज्याने आपला आनंद अल्लाहच्या अनुग्रहावर आणि सत्कर्मावर ठेवला, त्याच्याकडून कबर तो हिरावून घेऊ शकत नाही. कबरस्तानातून परतताना आपला कोणता आनंद फिका पडला आणि कोणता टिकला, हे प्रत्येकाने स्वतःच्या मनाला विचारावे. याहून चांगली कसोटी क्वचितच मिळेल.

कबरस्तानातील सलाम

प्रेषित (स.) यांनी प्रारंभी कबरींना भेट देण्यास मनाई केली होती, नंतर परवानगी दिली, कारण त्यामुळे परलोकाची आठवण होते. परवानगीबरोबर त्यांनी शिष्टाचारही शिकविला. कबरस्तानात गेल्यावर पहिला शब्द सलामचा. तेथील श्रद्धावंतांना शांतीची शुभेच्छा द्यायची, अल्लाहने इच्छिले तर आम्हीही तुम्हाला येऊन मिळणार आहोत हे मान्य करायचे आणि त्यांच्यासाठी व स्वतःसाठी क्षेमकुशल मागायचे. एखाद्याच्या दारी जाऊन सलाम करावा तसाच हा सलाम आहे. त्यात किंचाळी नाही, भयाचा थरकाप नाही. आधी पोहोचलेल्यांना मागून येणाऱ्यांनी केलेले ते अभिवादन आहे. आपण तेथे मृतांसाठी मागण्यास जातो, मृतांकडे मागण्यास नव्हे, हेही त्या शब्दांतूनच स्पष्ट होते.

याचा अर्थ असा नव्हे की ज्याच्या घरी नुकताच मृत्यू झाला आहे त्याने हसतमुख राहावे. तान्हे पुत्र इब्राहीम यांच्या अंतकाळी प्रेषित (स.) यांचे डोळे वाहिले होते आणि त्यांनी त्या अश्रूंना दया म्हटले होते. आपल्या मातेच्या कबरीपाशीही ते रडले होते. हजरत उस्मान (रजि.) कबरीपाशी उभे राहिले की दाढी भिजेपर्यंत रडत, विचारल्यावर ते सांगत की परलोकाच्या मुक्कामांपैकी कबर हा पहिला मुक्काम आहे. दुःख हे श्रद्धेच्या विरुद्ध नाही. मुस्लिममध्ये हजरत सुहैब (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसनुसार श्रद्धावंताचे प्रत्येक प्रकरण हितकारकच असते, सुखात तो शुक्र करतो आणि दुःखात सब्र. सूरह सबातील सब्बार आणि शकूर हे दोन शब्द येथे पुन्हा भेटतात. शोकाच्या घरी सब्राची पाळी असते, शुक्र हळूहळू मागून येतो. माणूस गेला याचे दुःख राहते. तो इतकी वर्षे आपल्याला लाभला होता याची जाणीव कालांतराने त्या दुःखाशेजारी येऊन बसते.

मृत व्यक्ती आपल्या धर्माची नसली तरी तिचा मान राखावा, हीही प्रेषितांचीच शिकवण. एका यहुदी माणसाची अंत्ययात्रा जाताना ते उठून उभे राहिले. तो यहुदी होता असे कोणी म्हटल्यावर, तो एक जीव नव्हता काय, या आशयाचा प्रश्न त्यांनी केला. आपल्या गल्लीतून शेजाऱ्याची अंत्ययात्रा जाते तेव्हा हा प्रसंग मुलांना अवश्य सांगावा.

खुलताबादची माती

आपल्या महाराष्ट्रात असा धडा घेण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. खुलताबादच्या परिसरात सूफी संत, बादशहा, शहजादे, सरदार आणि हैदराबादच्या आसफजाही घराण्याचा संस्थापक अशी किती तरी माणसे विसावली आहेत. तेथेच मलिक अंबरची घुमटाची कबर आहे. १५४८ च्या सुमारास हबशी देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात, जन्मलेला आणि बालपणी गुलाम म्हणून अनेकदा विकला गेलेला हा मुलगा पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा सूत्रधार झाला. अखेरपर्यंत तो मुघलांशी लढत राहिला आणि १६२६ साली मरण पावला. त्याच मुघल घराण्यातील औरंगजेब बादशहा १७०७ साली अहमदनगर येथे मृत्यू पावला आणि त्याचीही कबर खुलताबादलाच झाली, घुमटाविना, उघड्या आकाशाखाली मातीची. ज्यांच्या सैन्यांनी दख्खनच्या भूमीसाठी पिढ्यान्‌पिढ्या युद्धे केली, त्यांना त्या भूमीचा काही हातांचा तुकडा पुरला, आणि तोही एकाच गावात.

मलिक अंबरच्या बाबतीत एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. १६१० साली त्याने खडकी हे नगर वसविले. हेच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झाले. त्या नगरासाठी उत्तरेकडील डोंगरांच्या बाजूने त्याने जमिनीखालून पाणी आणले. ती नहर-ए-अंबरी म्हणून प्रसिद्ध आहे. त्याचे राज्य त्याच्या मृत्यूनंतर एका दशकातच लयास गेले. नहरीचे पाणी मात्र शतकानुशतके त्या नगराच्या हौदांत पडत राहिले. ज्यांनी ते ओंजळीने प्यायले त्यांतील किती तरी जणांना त्याचे नावही ठाऊक नसेल.

आता त्याची कबर आणि त्याची नहर शेजारी ठेवून पाहा. घुमट त्याच्या काही उपयोगाचा नाही. पाण्याविषयी मात्र प्रेषित (स.) यांचे मार्गदर्शन आपल्यासमोर आहे. हजरत सअद बिन उबादा (रजि.) यांच्या मातेचे निधन झाले तेव्हा त्यांनी विचारले की कोणता सदका श्रेष्ठ? उत्तर मिळाले, पाणी. त्यांनी विहीर खोदून ती आईच्या नावे अर्पण केली. माणसाच्या मृत्यूने त्याची कर्मे थांबतात, परंतु चालू राहणारा सदका, लोकांना लाभ देणारे ज्ञान आणि त्याच्यासाठी प्रार्थना करणारी सदाचारी संतती या तिन्हींचे पुण्य पोहोचत राहते, हेही हदीसमध्ये आले आहे. कोणाच्या अंतःकरणात काय हेतू होता याचा निवाडा अल्लाहकडे आहे. आपण एवढेच शिकावे की कबरीवर खर्च होणाऱ्या रुपयापेक्षा पाण्यावर, शाळेवर, आजाऱ्याच्या औषधावर खर्च होणारा रुपया मृताच्या अधिक कामी येतो. कबरीला चुनागच्ची करण्यास आणि तिच्यावर बांधकाम करण्यास प्रेषितांनी मनाई केल्याची हदीस हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून मुस्लिममध्ये आली आहे.

घरी काय न्यावे?

सूरह सबाने शुक्राला कर्म म्हटले आहे. तेव्हा या विवेचनाचा शेवटही कर्मावरच व्हावा.

पहिली गोष्ट सकाळची. झोपेतून उठल्यावर म्हणावयाची जी दुआ प्रेषित (स.) यांनी शिकविली, तिच्यात मृत्यूनंतर पुन्हा जीवन देणाऱ्या अल्लाहची स्तुती आहे आणि त्याच्याकडेच परतायचे आहे याची कबुली आहे. झोप हा छोटा मृत्यू आणि जाग ही छोटी पुनरुत्थानाची घडी. ही दुआ अर्थासह मुलांना शिकवावी. ज्या मुलाला रोज सकाळी मृत्यू आणि कृतज्ञता एकत्र भेटतात, त्याला पुढे मृत्यूचे नाव ऐकून दचकावे लागणार नाही.

दुसरी गोष्ट वसीयतची. ज्याच्याजवळ वसीयत करण्याजोगे काही आहे त्याने ती लिहून ठेवल्याविना दोन रात्रीही घालवू नयेत, अशी ताकीद हजरत इब्ने उमर (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये आहे. आपल्या किती घरांत वडिलांच्या मृत्यूनंतर भाऊ-बहीण न्यायालयाच्या पायऱ्या चढतात! बहिणीचा शरीअतने ठरविलेला हिस्सा दाबला जातो. वारसांचे हिस्से अल्लाहने निश्चित केले आहेत, त्यांत वसीयतीने फेरफार करता येत नाही. परंतु कोणाचे किती देणे आहे, कोणाची अमानत आपल्याकडे आहे, पत्नीची मेहर दिली की राहिली, हे लिहून ठेवणे हयातीतच करता येते. हा कागद लिहिणे म्हणजे मृत्यूला बोलावणे नव्हे. मागे राहणाऱ्यांवर केलेला तो उपकार आहे.

तिसरी गोष्ट भेटीची. वर्षातून काही वेळा मुलांना घेऊन कबरस्तानात जावे, सलाम करावा, घराण्यातील गेलेल्यांची नावे सांगावीत आणि त्यांचे एखादे सत्कर्म सांगावे. जुनी वास्तू पाहण्यास गेलो तर ती कोणी बांधली याबरोबरच तिच्यामुळे लोकांना काय लाभले, हेही मुलांना शोधू द्यावे. भिंतीवर नाव कोरणे, कबरीवर पाय ठेवणे, मोठमोठ्याने हसणे या गोष्टी घडू देऊ नयेत.

चौथी गोष्ट रोपाची. अंतिम घटका येऊन ठेपली आणि कोणाच्या हातात रोप असेल, तर शक्य असल्यास त्याने ते लावावे, अशी शिकवण हजरत अनस (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये आहे. त्या रोपाची सावली कोणाला मिळणार, फळ कोण खाणार, हा प्रश्नच तेथे उरत नाही. सब्र आणि शुक्र यांचे यापेक्षा सुंदर चित्र कोणते असेल? जग संपत असताना मनुष्य मातीत हात घालतो, कारण त्या क्षणापर्यंत मिळालेला प्रत्येक श्वास त्याला देणगी वाटतो.

सूरह मुल्कच्या दुसऱ्या आयतीत अल्लाहने मृत्यू आणि जीवन निर्माण केल्याचे सांगितले आहे, आणि तुमच्यापैकी कोण उत्तम कर्म करतो याची परीक्षा हा त्याचा हेतू सांगितला आहे. तेथे मृत्यूचा उल्लेख आधी आहे. मृत्यूही त्याचीच निर्मिती आहे आणि तीही हेतुपूर्वक केलेली आहे. ज्याने हे मनात धरले त्याला मआरिबची दगडी दारे, हिज्रचे रिकामे डोंगर आणि आपल्या गावचे कबरस्तान एकच गोष्ट सांगतील: परीक्षेची वेळ अजून संपलेली नाही.

अल्लाह आपल्या सर्वांना सब्बार आणि शकूर दासांत सामील करो, आपल्या आधी गेलेल्यांना क्षमा करो आणि उरलेल्या दिवसांचे मोल जाणण्याची बुद्धी देवो. आमीन.